मेलेल्या फांदीवरच्या ठिपक्याला नाव द्यायचंय? आधी बीजाणू कुठून निघतो ते बघा

फांदीवरच्या बुरशीच्या काळ्या ठिपक्याचा नुसता फोटो काढून नाव शोधायला बसलात तर दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही, मी बरेच दिवस घालवलेत. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. खरी गंमत आत असते, बीजाणूंत, म्हणजे बुरशी ज्यांनी पसरते त्या बारीक कणांत.

पहिली गोष्ट, झाड कुठलं ते लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे पण बऱ्याच बुरश्या ठराविक झाडांवरच वाढतात, आणि झाड माहीत नसेल तर पुढे अडकायला होतं. फांदी कोरडी असेल तर ओला टिश्यू पेपर घातलेल्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवा, पाणी साचू देऊ नका, नाहीतर ट्रायकोडर्मा नावाची दुसरीच हिरवी बुरशी येऊन सगळ्यावर पसरते आणि तुम्ही तिलाच ओळखत बसता.

मग १०एक्सचं भिंग. सालीवर मखमल, केस किंवा भुकटी दिसते का? म्हणजे बीजाणूंचे देठ उघड्यावर आहेत, याला हायफोमायसीट म्हणायची पद्धत आहे. की सालीतून फुगलेली पुळी वर आलीय? मग आत पोकळ कुपी असेल, ती पिक्निडियम, किंवा सालीखाली पसरलेली चपटी गादी, ती अॅसर्व्हुलस. पुळीच्या तोंडातून टूथपेस्टसारखी नारिंगी किंवा लालसर दोरी बाहेर आली असेल तर ती जपून ठेवा, अख्खी दोरी बीजाणूंचीच असते, सुईच्या टोकावर इतकुसा तुकडा घेतला तरी स्लाइड भरते.

मखमलीसाठी पारदर्शक सेलोटेप हलकेच दाबून उचलायचा. पुळीसाठी मात्र नवं दाढीचं ब्लेड लागतं. साल थोडी भिजवा, पुळीचं टोक कापून टाका, मग भिंगाखाली बघत उभे पातळ काप घ्या. दहा काप घेतले की एखादा धड निघतो, बाकीचे उडून कुठे जातात देव जाणे. सूक्ष्मदर्शकाखाली आधी साध्या पाण्यात बघा, रंग आणि माप पाण्यातच घ्यायचं, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू हे निळं रंगद्रावण नंतर, कारण त्यात सगळंच निळं होतं आणि बीजाणू मुळात रंगहीन होता की फिकट तपकिरी ते कळत नाही.

आता मुद्दा. लांबट पिशव्या दिसल्या आणि प्रत्येकीत बहुतेकदा ८ बीजाणू, तर ती लैंगिक अवस्था. पण पिशव्या नाहीत म्हणून लगेच अलैंगिक म्हणू नका, बुरशीच्या जुन्या पुळीत पिशव्या विरघळून जातात आणि बीजाणू नुसतेच तरंगत असतात. बीजाणू एखाद्या पेशीच्या टोकाला चिकटलेला, तयार होताना दिसला पाहिजे, तोवर शोधत राहायचं. ती जोडाची जागाच महत्त्वाची. तिथे बाटलीसारखी मान आहे का, एकामागून एक कड्या पडल्यात का, की देठाच्या भिंतीतल्या छिद्रातून बीजाणू निघालाय? हेल्मिन्थोस्पोरियम नावाच्या बुरशीत तपकिरी देठाच्या कडेला अशी छिद्रं दिसतात आणि गळून पडलेल्या बीजाणूच्या बुडाला गडद डाग राहतो, एकदा बघितलं की विसरत नाही.

नेहमी भेटणाऱ्या काही बुरश्या: सायटोस्पोरा, बीजाणू रंगहीन, किंचित वाकडे, जेमतेम ४-६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांब, पुळीच्या आत बरेच कप्पे. फोमॉप्सिस, यात दोन तऱ्हेचे बीजाणू असू शकतात, एक लंबगोल आणि बहुतेकदा दोन तेलथेंबवाले, दुसरे दोऱ्यासारखे, टोकाला हुकासारखे वाकलेले. पेस्टालोशिऑप्सिस तर ५ पेशी, मधल्या ३ तपकिरी आणि डोक्यावर मिशा, ही चुकणं अवघड.

लासिओडिप्लोडिया या बुरशीने मात्र मला चांगलंच फसवलं. पहिल्या दिवशी बीजाणू रंगहीन, एकपेशी, जाड भिंतीचे, मी भलतंच नाव लिहून मोकळा. आठवड्याने तीच फांदी परत बघतो तर बीजाणू तपकिरी, मधे एक पडदा आणि अंगावर उभ्या रेघा! कोवळे ते पिकलेले असे दोन्ही बघितल्याशिवाय नाव लिहायचं नाही हे तेव्हा कळलं.

माप घेताना २०-३० बीजाणू मोजा, सगळ्यात मोठा आणि देखणा तेवढाच नको. आयपीसमधली (डोळ्याकडच्या भिंगातली) मापाची पट्टी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी (स्लाइडकडच्या भिंगासाठी) वेगळी जुळवून घ्यायची.

नावांचा घोळ होणारच. पूर्वी एकाच बुरशीच्या दोन अवस्थांना दोन नावं चालायची, २०११ च्या मेलबर्नमधल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये ती पद्धत बंद करायचं ठरलं, त्यामुळे जुन्या पुस्तकातली ट्युबर्क्युलॅरिया व्हल्गॅरिस आता नेक्ट्रिया सिनाबरिना. नवशिक्याने सुरुवात करायला ती बरी आहे: सालीतून वर आलेले गुलाबी-नारिंगी, गादीसारखे ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे. तिची फांदी टाकून देऊ नका, खूण करून जिथे होती तिथेच परत ठेवा, काही आठवड्यांनी त्याच गाद्यांच्या कडेला गडद लाल बारीक गोळ्यांचे झुबके येतात का बघा. आले तर एक काप त्यांचाही घ्या, आता पिशव्या दिसतील.