पायपुसण्याची बुरशी कशी गेली: माझा अनुभव
आमचं घर गुहागरला, समुद्राला लागूनच. जून लागला की न्हाणीघराबाहेरच्या रबरी तळाच्या पायपुसण्याला कुबट वास सुटायचा आणि तळाला, शिवणीच्या कडेने, मोहरीएवढे काळे ठिपके उमटायचे. जंतुनाशक झालं, कापूर झाला, पडवीतल्या दोरीवर दुमडून टाकणंही झालं. तीन पावसाळे नुसता वैताग.

चूक दुमडण्यातच होती. घडीत वारा शिरत नाही आणि रबरातून ओल बाहेर पडत नाही.

आधी अंगणात नेऊन ठिपके ब्रशने घासले. मग एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग कोमट पाणी यात अर्धा तास भिजवलं. कढत पाण्याने रबराला भेगा पडतात. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. साबणाने धुऊन, न पिळता, गुंडाळून दाबलं. नंतर वीतभर अंतरावरच्या दोन समांतर दोऱ्यांवर रबर आतल्या बाजूला ठेवून टाकलं आणि मधल्या पोकळीतून वारा जाईल असा टेबलफॅन चार तास लावला. रबराला पालथा हात लावून बघा. गार लागलं तर ओल आहे.

आता आंघोळी आटोपल्या की पायपुसणं लगेच दोऱ्यांवर जातं, दुसरं खाली येतं. यंदा गणपती आले तरी एक ठिपका नाही.