बाळाची छाती घरघरते तेव्हा या चुका टाळा

आधी दोन-तीन दिवस सर्दी, मग खोकला, मग छातीत घरघर. दोन वर्षांच्या आतल्या बाळात हा बहुतेक वेळा ब्राँकिओलायटिस असतो. विषाणूंमुळे फुप्फुसातल्या अगदी बारीक श्वासनलिका सुजतात आणि चिकट स्रावाने भरतात. यात सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो आरएसव्ही नावाचा विषाणू. मोठ्यांना तो साध्या सर्दीवर सोडतो, म्हणून सर्दी झालेल्या माणसाने बाळाची पापी घेऊ नये.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरघर ऐकत बसणं आणि श्वास न मोजणं. नुसतं नाक चोंदलं तरी छातीवर हात ठेवल्यावर घरघर लागते. बाळ शांत असताना झबलं वर करा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणू नका. तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच रेंगाळतो, मग भराभर चालतो, त्यामुळे आकडा चुकतो. 2 महिन्यांच्या आत 60, 12 महिन्यांपर्यंत 50 आणि पुढे 5 वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ कण्हतंय, ओठ निळसर दिसतायत किंवा श्वास मध्येच थांबतोय, तर वाट न पाहता ऑक्सिजनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

दुसऱ्या दिवशी बाळ खेळलं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्रास बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतो.

मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली काढू नका, विषाणूंवर तिचा काही उपयोग नाही. खोकल्याचं औषधही मनाने देऊ नका. ओवा-वावडिंगाची धुरी आजी मायेनेच देते, पण सुजलेल्या नळ्यांना धूर आणखी चिडवतो. वाफेने बाळं भाजतात. नाकात तेल सोडलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं. एक वर्षाच्या आत मधाचं बोटही नको.

तापाच्या औषधात होणारी चूक फार घातक आहे. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये बहुधा 1 मिलीत 100 मिग्रॅ औषध असतं, तर 125 च्या सिरपमध्ये (5 मिलीत 125 मिग्रॅ) तेवढं औषध 4 मिलीत. 7 किलोच्या बाळाला एका वेळी साधारण 100 मिग्रॅ लागतं. सिरपचं माप लक्षात ठेवून 4 मिली ड्रॉप्स पाजले, तर चौपट डोस गेला. दर वेळी लेबल वाचा, मात्रा वजनावरून डॉक्टरांकडून लिहून घ्या. 3 महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर औषध घरी न देता लगेच दाखवा.

चोंदलेल्या नाकाने बाळाला चोखता येत नाही. म्हणून पाजण्याच्या 10 मिनिटं आधी प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे 2 थेंब टाका, मग थोडं थोडं, पण वरचेवर पाजा. दूध नेहमीच्या निम्म्यावर आलं किंवा 12 तासांत शू झाली नाही, तर रात्र असली तरी निघा.