घरी भाजलेल्या जवाची काळी बिअर: जळकट चव अशी गेली

घरी भाजलेल्या जवाने बिअरला राखेसारखी चव येते, ती बहुतेकदा जास्त आचेमुळे. ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर ठेवून जव पातळ थरात पसरले, दर ५ मिनिटांनी हलवले. दाणा फोडून आत गडद कॉफीचा रंग दिसला की लगेच बाहेर. कोळसा होऊ द्यायचा नाही. मग २ आठवडे कागदी पिशवीत. हे टाळू नका, उग्र धुरकट वास तेवढ्यात उडून जातो.

खरा फरक पडला गार पाण्याने. २० लिटर बिअरसाठी ४०० ग्रॅम भरडलेले जव दीड लिटर गार पाण्यात रात्रभर भिजवले आणि गाळलेला अर्क उकळीच्या शेवटच्या १० मिनिटांत घातला. रंग किंचित उतरतो, पण घशाला लागणारा तुरटपणा जातो. मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात मुरत ठेवलेल्या मोडाच्या धान्याचा, पीएचही घसरत नाही (आम्लता वाढत नाही).