मका, शेंगा, सरकी पेंड: बुरशीचं विष जनुकापर्यंत पोचतं, ओल आधीच काढा

मक्याची काढणी आणि परतीचा पाऊस यांची बहुतेक वर्षी गाठ पडतेच. सिल्लोड, कन्नड, भोकरदनकडं कणसांचा ढीग, वर ताडपत्री आणि आभाळ उघडायची वाट, हे ठरलेलं. त्या ताडपत्रीखाली दोन-तीन दिवसांत जे घडतं त्यानं नुसता मोंढ्यातला भाव पडत नाही. ढिगात हात घातला की ऊब लागते. आतलं कणीस सोललं की दाण्यांच्या फटीत पोपटी-पिवळसर भुकटी दिसते. ही अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस बुरशी. ती अफ्लाटॉक्सिन तयार करते, आणि जनुकात बदल घडवणाऱ्या नैसर्गिक रसायनांत हे अतिशय जहाल आहे.

पोटात गेलेलं अफ्लाटॉक्सिन बी-१ यकृतात पोचतं. यकृत ते बाहेर टाकण्यासाठी त्याचं रूप बदलायला जातं, आणि त्यातच मूळ विषापेक्षा घातक रूप तयार होतं. ते पेशीतल्या डीएनएला, नेमकं ग्वानिन म्हणजे ‘जी’ या अक्षराला जाऊन चिकटतं. एका पेशीच्या दोन होताना डीएनएची नक्कल उतरते, तेव्हा चिकटलेल्या जागी ‘जी’ऐवजी ‘टी’ हे दुसरंच अक्षर उतरू शकतं. एकदा चुकलेलं अक्षर पुढच्या पेशींतही तसंच जातं. यकृताच्या कर्करोगात हा फेरफार पी-५३ जनुकाच्या २४९ क्रमांकाच्या जागी वारंवार सापडला आहे. बेताल वाढणाऱ्या पेशीला आवरणं हे पी-५३ चं काम. तेच बिघडलं तर रोगाला मोकळं रान मिळतं. हेपॅटायटिस बी असलेल्या माणसाला हा धोका कित्येक पटींनी जास्त, म्हणून घरातल्या बाळांची त्या लसीची मात्रा चुकवू नका.

हे झालं थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर. एकदम जास्त गेलं तर काय होतं ते १९७४ साली गुजरात-राजस्थान सीमेवरच्या पंचमहाल आणि बांसवाडा भागात दिसलं. अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं काविळीनं दगावली.

भारतात धान्यासाठी मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे क्विंटलभर मक्यात दीड मिलीग्रॅम, चिमटीतही धरता येणार नाही इतकं. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि भाकरी भाजून किंवा कण्या शिजवून पूर्ण जातही नाही. म्हणून सगळी लढाई ओलीशी.

दाणा कणसाला चिकटतो त्या टोकाशी काळा ठिपका दिसला की मका पक्व झाला. तेव्हाही दाण्यात ३० टक्क्यांच्या आसपास ओल असते. चार दिवस उघडीप दिसत असेल तर लगेच खुडा. कणसं सोलून ताडपत्रीवर एकेरी थरात पसरा, ढीग नको. संध्याकाळी दव पडायच्या आत झाका, सकाळी ऊन आलं की उघडा. दिवसभर झाकून ठेवलेलं कणीस आतल्या आत घामेजतं. पाऊस हटतच नसेल तर पत्र्याच्या शेडमध्ये पातळ पसरून पंखा लावा. ओल १५-१६ टक्क्यांवर आल्याशिवाय मळणी करू नका. ओला दाणा यंत्रात फुटतो, आणि फुटका दाणा म्हणजे बुरशीला उघडं दार. मळणीनंतर १२ टक्क्यांपर्यंत वाळवा.

ओल मोजायचं यंत्र नसेल तर मीठ आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग मका आणि दोन-तीन चमचे खडखडीत कोरडं मीठ घाला. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि १५ मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही तरी लगेच पोती भरू नका. त्यापुढं आणखी दोन-तीन उन्हं द्यावी लागतात. पोती भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर रचा.

भुईमुगाचे वेल उपटल्यावर शेंगा वर, पाला खाली असे उलटे ठेवा. शेंग हलवल्यावर दाणा खुळखुळला पाहिजे. साठवताना ओल ८ टक्के. खुरप्यानं कापलेल्या, अळीनं भोक पाडलेल्या शेंगा तिथंच वेगळ्या काढा. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, मोजक्या दाण्यांत साठलेलं असतं. त्यामुळं सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे निवडण्यात गेलेला वेळ फार मोलाचा आहे.

घाण्यावर तेल काढलं की विषाचा मोठा वाटा पेंडीत राहतो. सरकी पेंडीचंही तसंच, आणि आपल्याकडं दुभत्या जनावराचा खुराक तिच्यावरच. बाधित पेंड खाल्ली की दिवसभरातच दुधात अफ्लाटॉक्सिन एम-१ या बदललेल्या रूपात विष उतरू लागतं. दुधासाठी मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. पेंडीचं पोतं उघडल्यावर कुबट वास आला किंवा खालच्या थरात गोळे झालेले दिसले तर ती पेंड बंद करा. चांगली पेंड सुरू केल्यावर दूध स्वच्छ व्हायला साधारण तीन-चार दिवस लागतात. लहान मुलांना तोवर त्या जनावराचं दूध देऊ नका.

बुरशीचा माल चांगल्यात मिसळून खपवू नका. पोतंभर मका मूठभर दाण्यांनी बाधित होतो. तो कोंबड्यांनाही घालू नका, बदकं तर याला फारच नाजूक. नाकातोंडाला फडकं बांधून, वाऱ्याकडं पाठ करून माल भरा आणि विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात पुरा.