परागकणांचा अंदाज गावापुरता कसा जुळवला

हवेत किती परागकण असतील याचा मोबाइलवर मिळणारा अंदाज बहुधा दूरच्या शहरातील मोजणीवर आणि हवामानाच्या गणितावर आधारलेला असतो. त्यामुळे गवताळ माळाला लागून असलेल्या आमच्या छोट्या गावात परागकणांची ॲलर्जी असलेल्या मला तो पुरेसा पडत नव्हता. म्हणून शिंका व डोळ्यांची खाज यांची रोजची नोंद मी वारा, पाऊस आणि गवताचा फुलोरा यांच्या नोंदीशेजारी ठेवू लागलो. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी त्रास वाढतो आणि संथ पावसानंतर उतरतो, हे त्यातून स्पष्ट झाले. (वादळी पावसात मात्र कण फुटून अधिक बारीक होऊ शकतात, दमा असणाऱ्यांनी तेव्हा विशेष जपावे.) नाकातील स्टेरॉइड फवाऱ्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागत असल्याने, डॉक्टरांच्या सल्ल्याने मी तो आता फुलोऱ्याआधीच सुरू करतो आणि हंगाम पुष्कळ सुसह्य जातो.