जातिवंत कोंबड्यांचं बीज मागायला जाताय? या चुका टाळा

"कडकनाथची एक जोडी द्या ना, पैसे लगेच पाठवतो." कडकनाथ, असील किंवा नंदुरबार-धुळ्याकडची बुसरा अशा देशी जाती सांभाळणाऱ्या माणसाला असे फोन सतत येतात आणि बहुतेकांना तो नाही म्हणतो. खुराड्यात पक्षी दिसत असतात, तरीही नाही म्हणतो. मग गावभर होतं की याला भाव वाढवायचाय. हा आरोप मला फार लागतो, कारण नकारामागचा हिशेब आरोप करणाऱ्यांनी कधी मांडूनच पाहिलेला नसतो.

जोडी मागू नका

सगळ्यात मोठी चूक हीच. एका नरावर आणि एका मादीवर वाण चालत नाही. जोडीची सगळी पिल्लं सख्खी भावंडं, आणि पुढच्या वर्षी त्यांचाच आपसात मेळ. दोन-तीन पिढ्यांत अंडी कमी फुटायला लागतात, पिल्लं लिंबू-टिंबू निघतात, आणि दोष येतो मूळ बीज देणाऱ्यावर.

पशुसंवर्धन खात्याच्या योजनेतला तलंगांचा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्यांचा) गट २५ माद्या आणि ३ नरांचा असतो. परसातल्या अंड्या-मांसासाठी तो उत्तम. वाण टिकवण्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याला चारने गुणायचं आणि एकूण पक्ष्यांनी भागायचं. २५ आणि ३ चं उत्तर ११ च्या आत येतं, म्हणजे २८ पक्षी पाळूनही रक्ताच्या वेगळेपणाच्या दृष्टीने ते जेमतेम ११. तेच २८ पक्षी २० माद्या आणि ८ नर असे ठेवले, तर उत्तर २३ च्या जवळ जातं. एक नर आणि १० माद्या ठेवणाऱ्याच्या हाती साडेतीनपेक्षा जरा जास्त, एवढंच उरतं.

म्हणूनच जाणकार माणूस दाणा खाऊन नुसते आरवणारे, अंगणात भांडणारे जास्तीचे कोंबडे सांभाळतो. तुम्हाला ते "एवढे कशाला, एक मला द्या" असे दिसतात. त्याच्या लेखी त्यातला प्रत्येक कोंबडा एक वेगळी घराणी रेष असते. त्यातला एक गेला की ती रेष त्याच्याकडून संपते.

दिसणारे पक्षी म्हणजे शिल्लक माल नव्हे

कडकनाथ वर्षाला साधारण ८० ते १०० अंडी देते, आणि ती खुडूक फारशी बसत नाही. त्यामुळे उबवणीला इनक्युबेटर किंवा दुसरी गावरान कोंबडी लागते. समजा १०० अंडी लावली आणि ६५ फुटली. आठ आठवड्यांपर्यंत ५५ जगली. त्यात निम्मे नर. उरलेल्या सत्तावीस-अठ्ठावीस तलंगांमधून बांधा, पाय, तुरा, चपळाई पाहून पुढच्या पैदाशीला आठ-दहाच घ्यायच्या. बाकीच्या ताटात जातात, आणि जायलाच हव्यात.

इथे आणखी एक चूक होते. पैदाशीतून काढलेले पक्षी खाण्यासाठी म्हणून स्वस्तात न्यायचे आणि घरी नेऊन त्यांचीच पिल्लं "अमक्याकडचं रक्त" म्हणून विकायची. ज्याच्या बाबतीत हे एकदा घडलं, तो पुढे जिवंत पक्षी बाहेर काढताना दहादा विचार करतो. काही जण तर सोलूनच देतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

बाजारातून थेट त्याच्या दारात जाऊ नका

आठवडी बाजारात फिरून, चार पिंजरे हाताळून, त्याच चपला घालून कुणाच्या खुराड्यापाशी जाणं म्हणजे मानमोडी सोबत घेऊन जाणं. मानमोडीचा, म्हणजेच राणीखेतचा विषाणू बुटांवर, क्रेटवर, गाडीच्या टायरवर बसून येतो. फाटकाशी जंतुनाशकाचं ट्रे असेल तर पाय बुडवा. आत येऊ दिलं नाही तर रागावू नका, पक्षी बाहेर आणून दाखवतील.

तुमच्या बाजूनेही तेच. नवे पक्षी आणले की निदान तीन-चार आठवडे वेगळे ठेवा, दाणा-पाण्याची भांडीही वेगळी. रोजचं काम आधी जुन्या कळपाचं, शेवटी नव्यांचं. पांढऱ्या हगवणीचा पुलोरम आणि श्वासाचा मायकोप्लाझ्मा अंड्यातूनही पिल्लात उतरतात. त्यामुळे "पक्षी नको, अंडीच द्या, म्हणजे रोगाचा प्रश्न नाही" हे म्हणणं अर्धंच खरं आहे. प्रदर्शनात किंवा बाजारात नेलेला, न विकला गेलेला पक्षी तसाच संध्याकाळी खुराड्यात सोडणं हीसुद्धा तितकीच वाईट सवय.

काळं ते सगळं कडकनाथ नसतं

कडकनाथच्या नावाने महाराष्ट्राने पुरेसे हात पोळून घेतले आहेत. २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ पालनाच्या योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. त्या काळात जे काळं दिसेल ते कडकनाथ म्हणून विकलं गेलं, आणि खऱ्या पैदासकारांनी दारं लावून घेतली. कातडीचा काळेपणा संकरातही उतरतो. कडकनाथ नर आणि गावरान मादीच्या पहिल्या पिढीत बरीच पिल्लं काळपटच निघतात. पुढच्या पिढीत मात्र पांढरी बोटं, गुलाबी कातडी बाहेर पडते आणि मग फसवणूक कळते.

पक्षी हातात घ्या. चोच उघडून जीभ आणि टाळू बघा, तळपाय उलटा करून बघा, पोटाजवळची पिसं फुंकून कातडी बघा. तुरा जांभळट असेल तर घाबरू नका, ते जातीतच आहे. अंडी फिकट तपकिरी, मलईच्या रंगाची असतात. काळी अंडी दाखवणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. आणि त्याहून महत्त्वाचं, एकटा पक्षी बघून निर्णय घेऊ नका, त्याचे आईबाप आणि भावंडं बघायला मागा. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते तिथल्या मांसाला आहे. पिल्लं विकणारा मानांकनाचं कागद दाखवत असेल तर त्यावरून पिल्लाची जात ठरत नाही.

गिरीराजसोबत मोकळं सोडू नका

"आमच्याकडे गिरीराज, वनराज, गावरान सगळ्या आहेत, त्यातच सोडू" हे वाक्य ऐकलं की बीज देणारा तिथेच थांबतो, कारण गिरीराज, वनराज या संकरित जाती. कोंबडीच्या अंगात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणजे आज शेजारचा कोंबडा कुंपणावरून येऊन गेला तर पंधरा दिवसांनंतरचं अंडंही त्याचं असू शकतं. नर बदलला किंवा कळप वेगळा केला, तर तीन आठवड्यांची अंडी खायला वापरा, त्यानंतरची उबवणीला घ्या. स्वतंत्र बंदिस्त खुराडं दाखवता आलं तर तुमचं अर्धं काम झालं.

उबवण घटली की मशीनला शिव्या देण्याआधी

सातव्या दिवशी अंधारात टॉर्च धरा. अंडं स्वच्छ दिसलं तर बहुधा फळलेलंच नाही, नराकडे बघा: वय झालंय का, पायाला इजा आहे का, माद्या जास्त आहेत का. रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच मेलाय, बहुतेकदा अंडी फार दिवस साठवल्यामुळे किंवा उष्णता चुकल्यामुळे. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी लावू नका. लांबून आणलेली अंडी निमुळतं टोक खाली करून दिवसभर स्थिर ठेवा, मगच लावा.

पिल्लू पूर्ण वाढून कवचातच मरत असेल तर आधी आर्द्रता तपासा. मग एक साधी परीक्षा करा: त्याच मशीनमध्ये, त्याच दिवशी गावरान अंडीही लावा. गावरान चांगली फुटली आणि तुमची नाही, तर दोष बहुधा बीजात आहे आणि रक्त बदलायची वेळ आली आहे.

बीज दाबून ठेवणाऱ्यांचीही एक चूक

नकार समजून घ्या म्हणतो, पण कायमचा नकार मला मान्य नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आढळला, म्हणजे बुसराच्याच मुलखात. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआ जिल्ह्यातल्या एका कडकनाथ फार्मवर तो आढळला. बाधित क्षेत्र जाहीर झालं की सरकारी पथक जातिवंत आणि साधी असा भेद करत नाही, सगळे पक्षी नष्ट होतात. वीस वर्षांची मेहनत एकाच अंगणात ठेवणाऱ्याचं सगळं एका दिवसात जाऊ शकतं. दूरच्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात निदान दोन विश्वासू घरी तेच रक्त असायलाच हवं.

म्हणून मागायला जाताना पैशांच्या आधी हमी घेऊन जा. वेगवेगळ्या आयांची पाच-सहा तलंगं आणि त्यांच्या नात्यातले नसलेले दोन नर मागा. पायात क्रमांकाच्या रिंगा घाला, कुठलं अंडं कुणाचं याची वही ठेवा. परवानगीशिवाय दोन वर्षं कुणाला जिवंत पक्षी विकणार नाही, आणि मूळ मालकाला गरज पडली तर आपल्याकडच्या पैदाशीतला निवडक कोंबडा परत देईन, एवढं कागदावर लिहून द्या. दुसऱ्या वर्षी न बोलावता तो कोंबडा घेऊन त्याच्या फाटकाशी उभे राहा, मात्र आधी फोन करून आणि लसीकरणाची तारीख सांगून.