बाळ अचानक अंगावर पिईना झालंय? या चुका टाळा

सात-आठ महिन्यांचं बाळ, कालपर्यंत व्यवस्थित पीत होतं आणि आज जवळ घेतलं की पाठ ताठ करून मागे रेलतंय, तोंड फिरवतंय, रडतंय. लगेच घरातलं कोणीतरी बोलतंच, "सोडलं वाटतं त्याने, आता वरचं दूध सुरू करा." पहिली चूक इथेच होते. वर्षाच्या आतलं बाळ स्वतःहून असं एका दिवसात अंगावरचं सहसा सोडत नाही. खरंच सोडायला लागलेलं बाळ हळूहळू सोडतं, आधी दुपारचं एक फीड जातं मग संध्याकाळचं, आणि त्यात ते खूश असतं. अचानक बंद आणि वर चिडचिड असेल तर तो नर्सिंग स्ट्राइक, म्हणजे बाळाचा अंगावर पिण्याचा तात्पुरता संप, बहुतेकवेळा दोन ते पाच दिवसात मिटतो, कधी जरा लांबतो.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे जबरदस्ती. डोकं मागून धरून छातीशी दाबायचं, किंवा "भूक लागली की पिईल बरोबर" म्हणून उपाशी ठेवायचं. याने बाळाच्या डोक्यात पक्कं बसतं की इथे आलं की झटापट होते, मग नुसतं आडवं घेतलं तरी रडायला लागतं. नको म्हणालं की तिथेच थांबा, कपडे सारखे करा आणि खेळवा थोडं. नंतर बाळ पेंगायला लागलं की किंवा अर्धवट झोपेत असताना, अंधाऱ्या खोलीत, उघड्या अंगाशी घेऊन, चालत चालत देऊन बघा, जागेपणी नाही म्हणणारी कितीतरी बाळं झोपेत छान पितात. आधी हाताने थोडं दूध काढून धार सुरू करा आणि थेंबभर ओठाला लावा, म्हणजे त्याला वाट बघावी लागत नाही.

कारण न शोधता नुसते उपाय करत बसणं ही पण चूकच. बाळ कसं नाही म्हणतंय ते नीट बघा, त्यातच अर्धं उत्तर असतं. दोन-चार घोट घेऊन सोडतंय, तोंडाने श्वास घेतंय, परत धरतंय, परत सोडतंय, तर नाक बंद आहे. पाजायच्या आधी सलाइनचे थेंब टाकून नाक मोकळं करा. एका कुशीवर पितंय आणि दुसरीवर घेतलं की किंचाळतंय तर कान दुखत असू शकतो, तिथे घरी प्रयोग करू नका, डॉक्टरला दाखवा. लाळ गळतेय, हिरड्या सुजल्यात, सगळं चावत सुटलंय तर दात, आधी थंड टीदर (दात येताना चावायचं खेळणं) चावायला द्या. गालाच्या आत पुसूनही न जाणारे पांढरे चट्टे दिसले तर फंगल इन्फेक्शन असू शकतं, त्यात आई आणि बाळ दोघांना औषध लागू शकतं.

कधी कारण आपल्याकडे असतं. नवीन साबण किंवा परफ्युम, पाळी परत सुरू होणं, परत दिवस जाणं, छातीत गाठ येऊन सूज असेल तर दूध जरा खारट लागणं. बाळ चावलं म्हणून आपण जोरात ओरडलो (ओरडणारच, दुखतंच ते!) आणि ते घाबरलं, असंही होतं.

आणि काहीवेळा काहीच बिघडलेलं नसतं. साधारण चार महिन्यांनंतर बाळाला पंखा, आवाज, दार उघडलं ते, सगळं बघायचं असतं. दिवसा सारखं तोंड काढतं आणि रात्री पोटभर पितं. शिवाय मोठं बाळ पटापट ओढतं, पाच-दहा मिनिटात पोट भरतं, आणि आपल्याला वाटतं इंटरेस्ट गेला.

बाळ पीत नाही म्हणून दूध काढायचंच नाही, हे करू नका. छाती दगडासारखी होते, गाठी येतात आणि मग दूध खरंच कमी होतं. बाळ एरवी जेवढ्या वेळा प्यायचं साधारण तेवढ्या वेळा पंपाने किंवा हाताने काढा. काढलेलं दूध बाहेर 4 तास (खोली फार गरम नसेल तर) आणि फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतं. शक्यतो छोट्या कपाने पाजा, कारण बाटलीतून भसाभस येतं आणि तीच सवय लागते. बाटली द्यायचीच तर स्लो फ्लो निपल घ्या.

पीत नाही म्हणून खायला वाढवणं हे पण बऱ्याच घरात होतं. वर्षाच्या आत आधी दूध मग खाणं, आणि पाणी घोट-दोन घोट. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 6 ते 8 महिन्यांच्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण 200 कॅलरीच लागतात, बाकी दुधातूनच. गाईचं दूध वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून देऊ नका, काढलेलं पुरत नसेल तर डॉक्टरला विचारून फॉर्म्युला (बाळाचं पावडरचं दूध).

शू किती होतेय त्यावर मात्र लक्ष ठेवा. ओले डायपर एकदम कमी झाले, शू गडद पिवळी, तोंड कोरडं, डोक्यावरची टाळू खोल गेलेली, ताप, किंवा बाळ मलूल पडून असेल तर संप मिटायची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

बाळ वर्षाच्या पुढचं आहे, खातंय-पितंय नीट, आणि एकेक फीड स्वतःच सोडतंय, तर ती वेगळी गोष्ट. दोन वर्षं आणि पुढेही पाजायचा सल्ला असतो पण त्याला नकोच असेल तर मागे लागू नका, फक्त तुमची छाती जड झाली की बरं वाटण्यापुरतं थोडं काढून टाका, सगळं रिकामं करू नका.